धक्का, हंस आणि ऐनवेळचे विषय

हंसांच्या जोडप्याने घरट्यासाठी जागा निवडली ती नेमकी संस्थेचा धक्का जिथे किनाऱ्याला टेकतो तिथे. खाडीचा काठ उत्तरेला तीन किलोमीटर आणि दक्षिणेला त्याहून अधिक मोकळा पडला होता. लव्हाळ्याची बेटे होती, माणूस फिरकत नाही अशा ओलसर बेचक्या होत्या, आणि हंसांच्या दृष्टीने पाहिले तरी त्या कोणत्याही अर्थाने कमी प्रतीच्या नव्हत्या. पण मार्चच्या अखेरच्या शनिवारी आस्गर विंथर कॉफीचा मग घेऊन किनाऱ्यावर आला, तेव्हा धक्का अडकवायच्या दोन लोखंडी खुंट्यांच्या मधोमध मादी बसली होती. नर पाण्यातून लव्हाळे उपटत होता आणि मान वळवून तिच्याकडे टाकत होता. मादी ते घेई, डावीकडे ठेवी, पसंत न पडून उजवीकडे ठेवी. नवीन घरात सोफा कुठे असावा याविषयी आस्गरच्या घरी एकदा असाच वाद झाला होता.

आस्गर हा त्या धक्क्याचा, म्हणजे रीतसर बोलायचे तर समुद्रस्नान व धक्का संस्थेचा, अध्यक्ष होता. डेन्मार्कच्या त्या कोपऱ्यात तीन माणसांना एकाच गोष्टीची आवड आहे असे उघडकीस आले की संस्था निघते, आणि चौथ्याला ती गोष्ट आवडत नसेल तर तो खजिनदार होतो. या संस्थेचे त्रेचाळीस सदस्य होते आणि घटनेची सतरा कलमे होती. आस्गर भूगोलाचा निवृत्त शिक्षक. सभा संपल्यावर खुर्च्या रचून ठेवायला थांबणारा तो एकटाच माणूस असल्याचे सहा वर्षांपूर्वी सर्वांच्या ध्यानात आले, आणि तेव्हापासून तो एकमताने निवडून येत होता.

धक्का लाकडी होता. त्याचे सहा तुकडे ऑक्टोबरात सर्वांनी मिळून बाहेर काढायचे, हिवाळाभर कुरणात ताडपत्रीखाली ठेवायचे आणि मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुन्हा पाण्यात बसवायचे. टोकाला सात पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा.

त्या सात पायऱ्या आणि तो कठडा यांच्यावर त्या वर्षी काय अवलंबून होते, हे आस्गरने कोणालाही सांगितले नव्हते. त्याची बायको बोडिल आणि तिची थोरली बहीण योहाना या दोघी एकवीस वर्षे रोज सकाळी सहा वाजता त्या धक्क्यावरून पाण्यात उतरत. सप्टेंबरात योहाना गेली. ऑक्टोबरात धक्का निघाला. त्यानंतर बोडिल खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती जवळपास बसूनच राहिली. मांडीवर लोकर असे, सुया असत, पण विणकाम नोव्हेंबरात जिथे थांबले होते तिथेच थांबलेले होते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देई. आपण होऊन बोलत नसे. आस्गरने डॉक्टर केला, कोपनहेगनहून मुलीला बोलावले, बोडिलला आवडतो म्हणून वेलदोड्याचा पाव स्वतः भाजून पाहिला आणि स्वतःच खाल्ला. सबंध हिवाळ्यात ती एकच वाक्य असे बोलली होती की ज्याला धरून माणसाने दिवस काढावेत. फेब्रुवारीत एकदा बाहेर बघत ती म्हणाली, "धक्का लागला, की जाईन."

धक्क्याखेरीज जाणे शक्य नव्हते. तिच्या उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा होता आणि किनाऱ्यावरचे दगड शेवाळाने गुळगुळीत झालेले. तेव्हा आस्गर मेच्या पहिल्या शनिवाराची वाट पाहत होता, आणि खुंट्यांच्या मधोमध ही बाई लव्हाळे रचत होती.

शेजारचा पाले तिथे आला. पाले बंदरात क्रेन चालवीत असे. निवृत्त झाल्यापासून तो सल्ले देत असे, आणि त्यांतही जड वस्तू दुरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याचे त्याचे कौशल्य कायम होते.

"लाथ मार," तो म्हणाला.

"कशाला?"

"त्या काड्यांना रे. अजून घरटं कुठाय ते? चार काड्या आहेत. बुटानं बाजूला सारायच्या, दोन मिनिटांचं काम. संध्याकाळपर्यंत दुसरीकडे जातील."

"पाले, ही संस्थेची जागा आहे. अध्यक्षाला एकट्याला असा अधिकार नाही."

"लाथ मारायला अधिकार लागतो?"

"कलम नऊ," आस्गर म्हणाला. "किनाऱ्यावरील कोणताही बदल सभेच्या ठरावानेच."

पुढे जे झाले ते सारे या दोन मिनिटांतून निघाले. पालेने आयुष्यात एकच योग्य सल्ला दिला आणि तो पहिल्याच दिवशी दिला, हे आस्गरला नंतर फार लागले.

सुदैवाने वार्षिक सभा पुढल्याच रविवारी होती. दुर्दैवाने विषयपत्रिका आधीच टपालाने गेलेली होती. म्हणून आस्गरने हंसांचा प्रश्न शेवटी, ऐनवेळच्या विषयांत मांडला. सभा अर्धा तास रंगली. कोणी म्हणाले, हंस म्हणजे आपला राष्ट्रीय पक्षी. कोणी म्हणाले, राष्ट्रीय पक्षी असला म्हणून त्याने शिस्त पाळू नये असे नाही. शेवटी आस्गर म्हणाला, "मग काड्या हलवायच्या, असं ठरलं म्हणायचं?"

चिटणीस गेर्डा हिने चष्मा काढला. चाळीस वर्षे न्यायालयात कारकून असलेली गेर्डा चष्मा काढी, तेव्हा सभागृहात चमचेही वाजेनासे होत.

"ऐनवेळच्या विषयांत चर्चा होते, अध्यक्ष महाशय. निर्णय होत नाही. कलम चौदा."

"पण सगळ्यांचं एकमत आहे, गेर्डा."

"एकमत असेल तर फारच उत्तम. विशेष सभा बोलवा, तिथे हे एकमत पुन्हा करता येईल. चौदा दिवसांची लेखी सूचना."

"तोपर्यंत अंडं घातलं तर?"

"अंड्याला आपली घटना लागू होत नाही," गेर्डा खेदपूर्वक म्हणाली.

"एवढी घाई कसली, आस्गर?" मागून पालेने विचारले. "पंधरा दिवसांनी काय जग बुडतंय?"

या क्षणी आस्गरला एक वाक्य बोलता आले असते. ते वाक्य बोडिलविषयीचे होते, आणि ते ऐकून त्रेचाळीस माणसे, कलम नऊ आणि कलम चौदा यांच्यासकट, उठून बुटांनी काड्या सारायला गेली असती. पण बायकोचे दुःख कॉफी आणि दालचिनीच्या पावांमध्ये मांडायचे, त्याची नोंद व्हायची, पुढल्या सभेत ती नोंद वाचून कायम करायची. आस्गरच्याने ते झाले नाही. "सदस्यांची सोय," तो म्हणाला. तशी नोंद झाली.

मधल्या दिवसांत त्याने निसर्गखात्याच्या कार्यालयात फोन केला. सत्तावीस मिनिटे कानात कोणी सतार जुळवत बसल्यासारखे काहीतरी वाजत राहिले आणि मग एक अतिशय सुस्वभावी बाई आली.

"अंडं आहे का आत?" तिने विचारले.

"अजून नाही."

"मग हलवा की. अंडं पडलं, की मात्र हात लावायचा नाही. आजच हलवा, असं मी सांगेन."

"आमची विशेष सभा अठरा तारखेला आहे."

ती बाईही कोणत्या ना कोणत्या संस्थेची सदस्य असली पाहिजे, कारण ती समजूतदारपणे म्हणाली, "हो, मग काय करणार."

अठरा एप्रिलच्या सभेने अडतीस विरुद्ध एक अशा मतांनी ठराव केला, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्रिसदस्यीय समितीने लव्हाळे सन्मानपूर्वक स्थलांतरित करावे. विरोधी मत तत्त्वासाठी होते. 'सन्मानपूर्वक' हा शब्द दुरुस्तीने घातला गेला आणि त्याला वीस मिनिटे लागली. एकोणीस तारखेला नऊ वाजता समिती रबरी बूट घालून पोचली, तेव्हा मादी जरा दूर पाण्यात होती आणि घरट्याच्या मध्यभागी, आदल्या दिवशी नव्हते असे, मुठीपेक्षा मोठे, करडे-हिरवे एक अंडे होते.

समितीने टोप्या काढल्या. का काढल्या हे कोणालाच सांगता आले नसते.

घरी बोडिलने विचारलेही नाही. आस्गरनेच सांगितले, "जरा उशीर होईल. थोडाच."

"बरं," ती म्हणाली.

मे महिन्याचा पहिला शनिवार आला आणि गेला. तोवर अंडी सहा झाली होती आणि नराने आपली हद्द आखली होती. दक्षिणेला नाल्याचे तोंड, उत्तरेला एक मोठा पांढरा धोंडा, आणि समोर जवळजवळ खाडीच्या मध्यापर्यंत पाणी. या हद्दीत बदक आले तर तो त्याला हाकली. दुसरा हंस आला तर पंखांचा मांडव उभारून, मान पाठीत खेचून, दोन्ही पाय एकदम मारीत तो असा झेपावे, की पाणी दोन्हीकडे फाटत जाई. मग परत येऊन तो आणि मादी समोरासमोर उभी राहत, माना वर-खाली करीत आणि नाकातून एकमेकांचे अभिनंदन करीत. हे अभिनंदन फार वेळ चाले. पाले त्या नराला 'दुसरे अध्यक्ष' म्हणू लागला.

"तुझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच," तो आस्गरला म्हणाला, "की त्याला सभा लागत नाही."

पालेचा पुढचा सल्ला शास्त्रीय होता. हंस दुसऱ्या हंसाच्या हद्दीत राहत नाही. तेव्हा बागकामाच्या दुकानात मिळतो तसा प्लास्टिकचा हंस पाण्यात नांगरला, की जागा गेली असे समजून जोडपे आपण होऊन निघेल. अंड्यांना हात नाही, घरट्याला हात नाही. निसर्गखात्याचीही काही तक्रार नाही. आस्गरला यात काहीतरी चुकते आहे असे वाटत होते, पण नेमके काय ते सांगता येईना. ते असे होते, की जागा आधीच घेतलेली असताना नवा येणारा हा पाहुणा नसतो, शत्रू असतो. भूगोलाच्या शिक्षकाला हे सुचायला हवे होते.

नराने प्लास्टिकच्या हंसाशी तीन दिवस युद्ध केले. पहिल्या दिवशी धमक्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर चढून त्याला बुडवू पाहिले. प्लास्टिक पुन्हा वर येई आणि तोच निर्विकार चेहरा करी, त्यामुळे नर अधिकच चिडे. तिसऱ्या दिवशी डोके सुटले. ते लाटांवरून वाहत किनाऱ्याला आले आणि तसेच डोळे उघडे ठेवून वाळूत पडले. मग जोडप्याचे जे अभिनंदन चालले ते दुपारच्या जेवणापर्यंत. आधी ज्याला नाल्याचे तोंड पुरत होते, तो आता नाल्याच्या पलीकडेही गस्त घालू लागला.

"आत्मविश्वास वाढला त्याचा," पाले अभ्यासूपणे म्हणाला.

यानंतरची घटना आस्गर स्वतः कधीच सांगत नाही. पाले सांगतो, आणि ती गावात फार लोकप्रिय आहे. त्या सकाळी आस्गर नेहमीप्रमाणे पांढरा स्नानाचा झगा घालून घरट्याची स्थिती पाहायला उतरला होता. गावात सगळेच सकाळी अशा झग्यात किनाऱ्यावर येतात, त्यात काही वावगे नाही. पाच-सहा सदस्य बाकावर कॉफी पीत, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून खात बसले होते. नर पाण्यातून बाहेर येऊन आस्गरकडे पाहू लागला.

"पळू नकोस," बाकावरून पाले म्हणाला. "पळालास की संपलास. मोठा हो. हात वर कर, झगा पसर. जनावराला वाटलं पाहिजे, की केवढा हा प्राणी."

आस्गरने पाठ सरळ केली, मान जरा मागे घेतली आणि दोन्ही हात वर करून झगा पसरला. मग, आणखी ठसावे म्हणून, तो एक पाऊल पुढे आला.

पांढरे पंख उभारून, मान मागे खेचून, पुढे येणे. हंसांच्या भाषेत याचा अर्थ अगदी स्पष्ट आहे. सहा वर्षे एकमताने निवडून येणाऱ्या त्या सभ्य गृहस्थाने त्या क्षणी नराला सांगितले होते, की ही जागा माझी, ही मादी माझी, आणि हिंमत असेल तर ये.

नर आला. आस्गर कुरणाच्या चढावर गाठला गेला, गेर्डाच्या सायकलीवर आपटला, एक चप्पल आणि झग्याचा पट्टा मागे ठेवून तो ताडपत्रीखाली, धक्क्याच्या तुकड्यांच्या आत शिरला आणि तिथे चाळीस मिनिटे राहिला. बाहेर नर येरझारा घालीत होता. बाकावरच्यांनी त्याला आतच कॉफी सरकवली.

त्या दिवसापासून नराने माणसांची वर्गवारी केली. गेर्डा कुत्रा घेऊन घरट्यापासून हाताच्या अंतरावरून जाई. तो मानही वळवीत नसे. मुले जात, पोस्टाची बाई जाई. फक्त आस्गर कुरणाच्या वरच्या फाटकाशी दिसला, की पंख वर. त्याने निळा कोट घालून पाहिला. पालेची टोपी घालून पाहिली. एकदा बोडिलचा पिवळा रेनकोट घालून, जरा कमरेतून वाकून चालून पाहिला. तेव्हा नर इतक्या वेगाने आला की त्याने हा रेनकोटाचाच अपमान मानला असावा.

दुसरी विशेष सभा याच विषयावर झाली. ती गेर्डाने बोलावली, आणि आस्गर अध्यक्ष असल्याने ती त्यालाच चालवावी लागली.

"प्रश्न व्यक्तिगत नाही," गेर्डा म्हणाली. "पिल्लं महिनाअखेर बाहेर येतील, घरटं मोकळं होईल, आणि संविधानदिनाला पाच जूनला धक्का बसवता येईल. मात्र एका ठराविक व्यक्तीच्या उपस्थितीत नर हिंसक होतो, असं दिसतं. ती व्यक्ती शंभर मीटर दूर राहिल्यास काम सुरळीत होईल."

"कोण ती व्यक्ती, ते नोंदीत लिहायचंय का?" पाले म्हणाला.

"लिहावं लागेल."

मतदान झाले. सदतीस बाजूने, विरुद्ध एकही नाही. अध्यक्षाने स्वतःच्या हद्दपारीचा ठराव मोजून, संमत झाल्याचे जाहीर करून, सभा संपल्यावर खुर्च्या रचल्या. गेर्डा मागे थांबली होती. कागद पिशवीत घालीत ती म्हणाली, "आस्गर, यंदा तू त्या धक्क्याचा फारच ध्यास घेतलायस. काही सांगायचंय का? टिपणात घेणार नाही."

आस्गरने शेवटची खुर्ची उचलली. "नाही," तो म्हणाला. "सदस्यांची सोय, इतकंच."

गेर्डाने पिशवी उचलली आणि ती गेली.

मेच्या सत्ताविसाव्या दिवशी अंडी फुटली. पाच पिल्ले निघाली, दुसऱ्या दिवशी पाण्यात पोहायला लागली आणि घरटे खरोखर मोकळे झाले. गेले दोन महिने ज्याच्या नशिबी काही सरळ घडले नव्हते, त्या माणसाला ही गोष्ट जवळजवळ संशयास्पद वाटली. पाच जूनला सकाळी गावात सगळ्या काठ्यांवर झेंडे चढले. एकतीस सदस्य कुरणात जमले, कडू मद्याचा एकेक छोटा पेला झाला, ताडपत्री निघाली. आस्गर ठरावाप्रमाणे स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण घेऊन उभा होता. बोडिल पलीकडच्या खोलीत आपल्या खुर्चीत होती. त्याने मोठ्याने सांगितले, "पहिला तुकडा उचलला." मग, "पाण्यात गेला." पलीकडे खुर्ची करकरली.

पहिला तुकडा खुंट्यांना अडकवून सदस्य दुसरा आणायला कुरणात परतले. तेवढ्या पाच मिनिटांत मादी आली. तिने तो तुकडा पाहिला: उन्हाला कोरडा, पाण्यापासून वीतभर उंच, कोल्ह्यापासून सुरक्षित. दोन महिने जी माणसे आपल्याला जागा करून देत नव्हती, त्यांना अखेर सुबुद्धी झाली, असेच तिला वाटले असणार. ती वर चढली, बसली, आणि पिल्ले धडपडत तिच्या पंखांखाली गेली. नर समोर उभा राहिला.

एकतीस माणसे दुसरा तुकडा खांद्यावर घेऊन थबकली. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला. फोनवर निसर्गखात्याची तीच सुस्वभावी बाई होती; सुट्टीच्या दिवशीही तिने फोन उचलला, हे सगळ्यांत वाईट झाले, कारण नाहीतर निदान सोमवारपर्यंत आशा राहिली असती. पिल्लांना उठवू नका, ती म्हणाली. उडायला लागेपर्यंत. म्हणजे सप्टेंबर.

आणि ऑक्टोबरात धक्का काढायचा होता. सदस्यांनी तिथेच, कुरणात, हात वर करून यंदाचा विषय मिटवला. सभेची सूचना, चौदा दिवस, कलम चौदा, यांपैकी कशाचीही गेर्डाने आठवण करून दिली नाही. मग सगळे संविधानावरचे भाषण ऐकायला निघून गेले.

आस्गरने दुर्बीण ओट्यावर ठेवली. सबंध वसंत ऋतूत त्याने बोडिलला 'जरा उशीर होईल' हे इतक्यांदा सांगितले होते, की या वेळी काय सांगायचे ते त्याच्याजवळ उरलेच नव्हते. तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बोडिल, यंदा धक्का नाही."

"बघितलं मी," ती म्हणाली. तिची खुर्ची खिडकीला अगदी चिकटून होती. "एक पिल्लू कमी आहे. काल संध्याकाळी पाच होती. आत्ता चार वर चढली."

"पाच आहेत. मी मोजली."

"चार. पाचवं धरतोस ते मादीचं पाऊल आहे." मग ती आस्गरकडे वळली. "रेनकोट माझा होता ना तो?"

आस्गरने मान डोलावली.

"फाटलाय पाठीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो जागा झाला, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. बोडिल दारात टॉवेल घेऊन, रबरी जोडे घालून उभी होती. "धोंड्याच्या पलीकडून जाऊ," ती म्हणाली. "दगड वाईट आहेत तिथे. तू पुढे हो, मी खांद्याला धरीन."

आस्गर पायजम्यातच निघाला, कारण विचार करायला थांबलो तर ती बसेल अशी त्याला भीती वाटली. समुद्रस्नान संस्थेचा हा अध्यक्ष आजवर घोट्याच्या वर पाण्यात गेलेला नव्हता. हे सहा वर्षांत कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. पाणी बारा अंशांवर होते. गुडघ्यापर्यंत त्याला दुखले, मांड्यांपर्यंत त्याला आपली चूक कळली, कमरेपर्यंत काही कळेनासे झाले. पायाखाली दगड सरकत होते. बोडिलचे पूर्ण वजन त्याच्या खांद्यावर होते, एकेका पावलाला ते वाढे आणि उतरे, आणि मग एकदम ते उतरले आणि परत आले नाही. ती पोहत होती. तिचे डोके, पांढऱ्या केसांचे, सरळ खाडीच्या मध्याकडे जात होते.

मग धोंड्याच्या अलीकडून पाणी फाटत आल्याचा आवाज झाला.

नर हद्दीच्या बाहेर आला होता. हद्द इतरांसाठी होती. हा आस्गर होता. पंख उभे होते, मान पाठीत गेलेली, आणि कमरेइतक्या पाण्यात आस्गरचे आणि त्याचे डोळे नेमके एका उंचीवर होते. मागे वळायला जागा होती. किनारा सात-आठ पावलांवर होता. पण बोडिलला परत यायचे होते, आणि परत येताना त्या दगडांवर धरायला इथे कोणीतरी असायला हवे होते.

"हे बघ," आस्गर दात वाजत असताना, सदस्याशी बोलावे तसे हळू आवाजात म्हणाला, "जागा तुझी आहे. सगळी तुझी आहे. मी नुसता उभा आहे."

नर दोन हातांच्या अंतरावर येऊन थांबला. फुत्कारला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा समोर आला.

"आस्गर," दुरून बोडिलचा आवाज आला, "थंडी वाजतेय का तुला?"

"नाही," आस्गर म्हणाला.

"मग मी त्या लाल बोयापर्यंत जाऊन येते."

खाडीत खुणेसाठी तरंगत ठेवलेला तो लाल बोया फार लांब होता. आस्गरने दोन्ही हात पाण्याखाली अंगाला घट्ट चिकटवून घेतले, पंखांसारखे काहीही दिसणार नाही याची काळजी घेतली, आणि तो उभा राहिला.